तेविसावं पान

मुलुंड पूर्वेला आमच्या वाचनालयाच्या जिन्यात एक काळा फळा होता. एरवी त्यावर सुट्ट्यांची सूचना किंवा व्याख्यानाची तारीख खडूने लिहिलेली असायची. चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलपासून त्याच्या उजव्या कोपऱ्यात दर महिन्याला एक फूलस्केप कागद टाचण्यांनी लावलेला असे. वर मथळा ‘अलीकडे वाचलेली पुस्तकं’, आणि खाली तीन पुस्तकांबद्दल पाच-सात ओळी. लिहिणाऱ्याचं नाव नसे, पण अक्षर कोणाचं ते पूर्वेकडच्या निम्म्या घरांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलांच्या वह्यांत तेच अक्षर लाल शाईने उमटत होतं. मी शाळेत मराठी शिकवायचे.

हा कागद मी कसा लिहू लागले ते सांगायचं तर आधी नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो आदल्या वर्षी, गणपती होऊन आठवडा झाला असताना गेला. छत्तिसाव्या वर्षी, ऑफिसात, आपल्या टेबलाशी बसल्याबसल्या. कुणाला काही सांगितलं नाही. तसा तो फारसं काही सांगणारा नव्हताच. पार्ल्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, त्यामुळे ‘अहो’ म्हणायला मला कधी जमलं नाही. सासऱ्यांसमोर मात्र मी ‘हे’ म्हणायचे, आणि मग तो मान खाली घालून ताटातल्या भाताकडे बघत हसू दाबायचा. नऊ वर्षांच्या संसारातलं त्याचं बोलणं मला फार आठवत नाही, हे असं दाबलेलं हसूच जास्त आठवतं.

पुस्तकं आणणं हे घरात त्याचं काम होतं. दर शनिवारी स्टेशनवरून येताना तो वाचनालयात जायचा आणि दोन पुस्तकं आणायचा. एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. माझ्यासाठी बहुतेक प्रवासवर्णनं किंवा विनोदी लेखांचे संग्रह असत. त्याचं पुस्तक त्याच्या ऑफिसच्या पिशवीतच राहायचं, जेवणाच्या सुट्टीत तो ते वाचायचा. मी ते कधी उघडून पाहिलं नाही. सांगायला लाज वाटते, पण मराठी शिकवणारी मी, लग्नानंतर स्वतःच्या हाताने एकही पुस्तक निवडलेलं नव्हतं. जे पिशवीतून येईल ते मी वाचत होते.

आमच्या वाचनालयात वाचकांना कपाटांपर्यंत जाता येत नसे. यादीच्या जाड वहीतून नंबर शोधायचे, चिठ्ठीवर पाच नंबर लिहायचे आणि काउंटरवरच्या बाईंना द्यायचे. पाचांतलं जे जागेवर असेल ते त्या आणून देत. सगळ्या पुस्तकांना एकसारखी खाकी बांधणी. त्यामुळे चार-पाच वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा घरी आलं तरी पटकन कळत नसे, आणि अर्ध्यात गेल्यावर लक्षात यायचं की हे तर आपण वाचलंय. म्हणून जुने वाचक आपापली खूण करून ठेवत. कुणी पन्नासाव्या पानावर फुली मारायचा, कुणी शेवटच्या पानावर बारीकसं अक्षर काढायचा. ‘पुस्तकांत खुणा करू नयेत’ अशी पाटी काउंटरवर होती, आणि त्या बाईंची स्वतःची खूण नव्वदाव्या पानावर असते असं लोक म्हणायचे.

माझ्या नवऱ्याची खूण तेविसाव्या पानावर असायची. पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीची दोन बारीक टिंबं, माझ्यासाठी आणलेल्या पुस्तकांतही. एकदा मी विचारलं होतं, तेवीसच का? तो म्हणाला, “ओळख बघू.” माझा वाढदिवस तेवीस तारखेचा. मी ओळखलं आणि पुन्हा विचारलं नाही. अशा गोष्टी विचारून खात्री करून घ्यायच्या नसतात असं मला तेव्हा वाटायचं.

तो गेला तेव्हा घरात वाचनालयाची दोन पुस्तकं होती. ती परत करायला मी जानेवारीत गेले. बाईंनी ती घेतली, उशिराबद्दल एक शब्द काढला नाही. मग त्यांनी विचारलं, “कुठलं देऊ?” मागे चार माणसं होती. मला कुठलं हवं होतं ते मला खरंच माहीत नव्हतं. शेवटी त्या स्वतःच आत गेल्या आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या.

घरी आल्यावर सवयीने तेविसावं पान उघडलं. दोन टिंबं होती.

ही कादंबरी एका बाईची होती. लग्नात तिचं नाव बदललेलं, नवरा गेल्यावर ती माहेरी येते, आणि तिला आता कुठल्या नावाने हाक मारायची हे कुणालाच कळत नाही. आई जुन्या नावाने हाक मारते, टपाल नव्या नावावर येतं. ती मात्र दोन्ही हाकांना ओ देत नाही. मी हे पुस्तक दोन दिवसांत वाचलं आणि नंतर कितीतरी वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मला प्रवासवर्णनं आणून देणारा माझा नवरा स्वतः हे वाचत होता. हे वाचून संध्याकाळी घरी आला असणार, माझ्याशेजारी जेवला असणार, आणि मी त्याला उद्याच्या डब्यात काय देऊ म्हणून विचारलं असणार.

त्यानंतर मी दुसरं काही शोधलंच नाही. नऊ वर्षं ज्याच्या शेजारी जेवले तो माणूस आत कसा होता, हे कळायची एवढी एकच वाट उरली आहे असं मला वाटलं. दर शनिवारी मी चिठ्ठीवर पाच नंबर लिहायचे, पुस्तक आलं की काउंटरवरच तेविसावं पान उघडायचे, आणि टिंबं नसली तर परत द्यायचे. एकदा बाईंनी विचारलं, “काय बघता हो सारखं?” मी गडबडून म्हटलं, टाइप बारीक आहे का ते बघते. झालं. पुढचे दोन-तीन आठवडे त्या बिचाऱ्या मला मोठ्या टाइपातली मुलांची पुस्तकं आणून देत होत्या, आणि एकदा तर शाळेजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ताही दिला.

एप्रिलमध्ये त्यांनीच कागदाचं काढलं. तुम्ही एवढं वाचता, तर वाचकांसाठी दोन ओळी लिहा म्हणाल्या. मी लिहिलं. पहिल्या महिन्यात त्या दोन नावांच्या बाईची कादंबरी होती. सोडून गेलेल्या बायकोला एका माणसाने लिहिलेल्या आणि कधीच न टाकलेल्या पत्रांचं पुस्तक होतं. प्रेम संपल्यावरही पत्र लिहायची सवय कशी संपत नाही, ते त्यात फार शांतपणे आलं होतं. आणि तिसरी, धरणाखाली गाव गेलेल्या दोन भावांची गोष्ट. नव्या वसाहतीत एकमेकांना गावचे रस्ते पाठ म्हणून दाखवणारे ते भाऊ मला शाळेतसुद्धा आठवत राहायचे. तिन्ही पुस्तकांत टिंबं होती. टिंबं नसलेलं पुस्तक मी त्या कागदावर कधीच लिहिलं नाही, आणि हे कुणालाही सांगितलं नाही.

लोक ती पुस्तकं नेऊ लागले. जिन्यात गाठून कुणी सांगे की चांगलं होतं, कुणी सांगे की फार रडवलंत. मला आतून बरं वाटायचं. माझ्या नवऱ्याची निवड लोकांच्या घरी पोचते आहे, असं मनात म्हणत मी जिना उतरायचे.

घरी मी आणि सासरे, दोघंच. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. ते मूळचे मालवणकडचे, परळच्या गिरणीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. माझ्या लग्नाच्या वेळी सगळं कुटुंब मुलुंडला दोन खोल्यांत आलं. सासूबाई आधीच वारल्या होत्या. मुलगा गेल्यापासून आमच्यात बोलणं म्हणजे दूध आलं, गॅस संपत आला, पाणी आज लवकर जाणार आहे, एवढंच. तेराव्यानंतरच्या दिवशी सकाळी अण्णांनी टोपी घातली आणि नेहमीसारखे वाचनालयाच्या खालच्या खोलीत पेपर वाचायला गेले. ते मी मनात धरून ठेवलं होतं. मुलाचं नाव त्यांच्या तोंडून नंतर कधी ऐकू आलं नाही. पार्ल्याहून माझा भाऊ दर रविवारी सांगायचा की आता इकडे निघून ये. मी गेले नाही, पण ते अण्णांसाठी नव्हे. वाचनालय मुलुंडला होतं.

असं दीड वर्ष गेलं. पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास नवी पुस्तकं आली. बाईंनी त्यांतलं एक माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. “हे अगदी ताजं,” त्या म्हणाल्या, “तुमच्या पठडीतलं.” कोऱ्या कागदाचा वास येत होता. मी सवयीने पान उघडलं. तेवीस. आकड्याखाली दोन टिंबं.

पहिल्या पानावर जांभळा शिक्का होता, पुस्तक दाखल झाल्याच्या तारखेचा. तारीख गेल्या महिन्याची होती. मी ती दोनदा वाचली. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी बाईंना विचारलं की हे आधी कुणी नेलं होतं का.

“कुणी नाही. अजून बांधणी व्हायची आहे ना. तुमच्या अण्णांनी तेवढं इथे बसून वाचलं, सकाळी.”

“अण्णा पुस्तकं वाचतात?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे काय? चांगलं दीड वर्ष झालं. पेपर झाला की वर येऊन बसतात त्या खिडकीपाशी. घरी न्या म्हटलं तर नको म्हणतात. तुम्हांला माहीत नाही?”

मी सकाळी शाळेत असायचे. पुस्तक घरी न नेल्यामुळे त्याची कुठे नोंद होत नव्हती. हे सगळं मला तिथेच, काउंटरला टेकून, एकेक करत कळत गेलं. बाहेर आले तेव्हा मिठागरांकडून वारा येत होता, आणि मी दोन गल्ल्या चुकीच्या बाजूला चालत गेले. वाचलेल्या एकेका पुस्तकाचं नाव आठवत होते. हे त्याचं की अण्णांचं? आणि ते? जी वाक्यं वाचून मी म्हटलं होतं, असा होता तर तू, ती वाक्यं वाचणारा बहुतेक सत्तरीचा, टोपीवाला, घरात बसून पाणी लवकर जाणार आहे म्हणून सांगणारा माणूस होता.

घरी अण्णा ओट्याशेजारी पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होते. बिरड्यासाठी वाल सोलणं हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मी चप्पलसुद्धा न काढता पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरलं.

“ही टिंबं तुम्ही काढलीत?”

त्यांनी हात पुसले, चष्मा शोधला, वाकून पाहिलं. “हो. का गो? बाई रागावली?”

“अण्णा, ही त्याची खूण आहे.”

“त्याची कशी? माझी ती.” त्यांना खरंच कळत नव्हतं. “परळच्या चाळीत आमची खोली तेवीस नंबरची. गिरणीतल्या वाचनालयातून पुस्तक आणायचो, तर आपलं वाचून झालंय हे कळायला म्हणून खोलीच्या नंबरावर दोन टिंबं द्यायचो. एक माझं, एक त्याचं. वाचून तोच दाखवायचा ना मला.”

म्हणजे माझ्या वाढदिवसाचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता. एवढी वर्षं मी एका चाळीतल्या खोलीचा नंबर स्वतःच्या नावावर लावून बसले होते. आज हे लिहिताना हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. मी अण्णांना बोलले, आणि बरंच बोलले. तुम्हांला आताच कशाला वाचायला सुचलं, दोन वर्षं मी त्याची पुस्तकं शोधत होते, आता त्याची कुठली आणि तुमची कुठली हे मला कधीच कळणार नाही, असं सगळं. नवरा गेल्यापासून मी त्या घरात एवढा वेळ एका दमात बोलले नव्हते.

अण्णांनी ऐकून घेतलं. मधे दोन वाल सोलले. मग खाली बघतच म्हणाले, “तू फळ्यार लिवतंस, ता मी वाचतंय.”

ते भावनेत आले की मालवणीत बोलत आणि मग सावरून घेत. तसं त्यांनी सावरलं.

“घरात तू बोलत नाहीस. माझंही तोंड उघडत नाही. पेपर वाचून निघालो एके दिवशी, तर जिन्यात तुझं अक्षर दिसलं. म्हटलं, हिच्या मनात काय चाललंय ते इथे तरी कळेल. मग तू लिहिलेली पुस्तकं बाईंकडून मागून घेतली. त्यांच्यात टिंबं आधीच असायची. मला वाटायचं, हे आपण कधीतरी वाचलंय आणि विसरलो. म्हातारपण, दुसरं काय. तरी वाचायचो. तुझी संपली की बाईंना सांगायचो, हिच्यासारखंच आणखी द्या. त्यांच्यात मी टिंबं द्यायचो.”

मी खाली फरशीवर बसले. म्हणजे पहिल्या कागदावरची तीन पुस्तकं नक्की त्याची होती, अण्णांनी वाचायला घेण्याआधीची. आणि त्याआधी मी वाचलेली दोन-चार. पुढचं सगळं सरमिसळ. अण्णा माझ्या मागून येत होते, आणि मी अण्णांच्या मागून जात होते, त्याला शोधत.

“पहिली तीन त्याची,” मी म्हटलं. “दोन नावांची ती बाई. ती पत्रं. ते दोघे भाऊ.”

“असतील. पण ती पुरी वाचली असतील असं नको धरू.”

“म्हणजे?”

“तेविसावं पान म्हणजे सुरुवात गो. शेवटापर्यंत तो कधी जायचाच नाही.”

आणि मग अण्णांनी त्याचं नाव घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. वाल बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं की गिरणीतून आल्यावर त्यांचे डोळे चुरचुरायचे, म्हणून आठ-दहा वर्षांचा तो खोलीबाहेरच्या गॅलरीत बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. सगळं वाचायचा, नायिकेचं वर्णनसुद्धा न लाजता. पण गोष्टीत कुणी आजारी पडलं, आता जाणार असं दिसायला लागलं, की पुस्तक मिटायचा. अण्णा, पुढचं उद्या वाचू. आणि उद्या ते पुस्तक हरवलेलं असायचं. कधी गादीखाली, कधी शेजारच्यांकडे. अण्णा ते शोधून काढायचे आणि डोळे पुसत पुसत उरलेलं स्वतः वाचायचे.

“मग जेवताना तो हळूच विचारायचा, काय झालं तिचं? मी सांगायचो, बरी झाली रे.”

“मरण पावली असली तरी?”

“तर. सगळी बरी केली मी. एक नाही मरू दिली.”

एवढं बोलून त्यांनी पुन्हा वाल हातात घेतले, पण सोलले नाहीत. मी त्यांच्यासमोर बसून राहिले आणि विचारलं, मग? मग पुढे? किती वर्षं? कळलं कधी त्याला? ते आठवून आठवून सांगत गेले. काही गोष्टी मला पटल्या नाहीत. मी म्हटलं, लग्नानंतर तो शेवटापर्यंत वाचत असणार, मोठा झाला होता. अण्णा म्हणाले, तू बघितलंस? मी म्हटलं, त्या पत्रांच्या पुस्तकात शेवटचं पत्रच सगळ्यांत चांगलं आहे, ते तो सोडेल कसा. अण्णा म्हणाले, म्हणूनच सोडलं असेल, मी ओळखतो त्याला. मी म्हटलं, मीही ओळखते. आमचा आवाज चढला तेव्हा शेजारच्या काकू दारात डोकावल्या आणि आम्हांला फरशीवर बसून भांडताना बघून परत गेल्या. बिरडं त्या दिवशी झालं नाही. आम्ही पोहे खाल्ले, आणि खाता खातासुद्धा तो पोह्यांवर लिंबू पिळून घ्यायचा की नाही यावरून वाद झाला.

पुढच्या महिन्याचा कागद लिहायची वेळ आली तेव्हा मला सुचेना. आता कुठल्या खुणेवर विसंबून लिहायचं? अण्णांना विचारलं, तर त्यांनी ते नवं पुस्तक सुचवलं. मुलगी गमावलेल्या एका शिंपिणीची गोष्ट होती ती. मुलीच्या मापाचे कपडे ती शिवतच राहते, दरवर्षी थोडं मोठं माप घेऊन. मी ते आता सावकाश वाचलं, आणि वाचताना पहिल्यांदाच मी त्यात कुणाला शोधत नव्हते. मला ते आवडलं की नाही हे मला वाचतानाच कळत होतं. आवडलं. तसं लिहिलं. कागद अण्णांना दाखवला, तर त्यांनी वाचून मान हलवली.

“आणखी एक ओळ घाल. ह्यात कुणी जातं, ते आधी सांग. लोकांक कळूक व्हया.”

मी म्हटलं, असं गोष्टीतलं आधी फोडत नाहीत. ते म्हणाले, का नाही? ज्याला सोसत नाही त्याने घरी नेल्यावर काय करायचं, गादीखाली लपवायचं?

मी ती ओळ घातली. त्या महिन्यापासून आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर प्रत्येक पुस्तकाखाली लिहिलेलं असायचं की ह्यात कुणी जातं का, आणि जात असेल तर कितव्या पानावर. काही वाचक वैतागले. तुम्ही रहस्यच ठेवत नाही बाई, म्हणाले. काही जण मात्र जिन्यात थांबून आधी ती एकच ओळ वाचायचे आणि मग वर काउंटरकडे जायचे. नव्याने दुःख झालेली माणसं त्यांत असायची, हे मला त्यांच्या उभं राहण्यावरून कळायचं.

अण्णा आणखी सहा वर्षं होते. दर महिन्याला आम्ही पाटावर समोरासमोर बसून तो कागद करत असू, आणि त्या एका ओळीवरून आमचं हमखास भांडण होई. मी पान शोधून सांगायचे, एकशे बारा. अण्णा चष्मा लावून ते पान पुन्हा वाचायचे, बराच वेळ, आणि म्हणायचे, नको, आजारी आहे एवढंच लिही.